दोरीवरच्या उड्या आणि कॅलरी : नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोरीवरच्या उड्या हा थोड्या वेळात भरपूर ऊर्जा खर्च करणारा व्यायाम आहे, यात शंका नाही. मात्र ज्या आकड्यांच्या जोरावर त्याची महती सांगितली जाते, ते आकडे सलग उड्या मारू शकणाऱ्या माणसाचे असतात आणि नवशिक्याला सुरुवातीला एक मिनिटही सलग उडता येत नाही. पुढील उत्तरे हे अंतर लक्षात ठेवूनच लिहिली आहेत.

दोरीवरच्या उड्यांनी नेमक्या किती कॅलरी खर्च होतात?

याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते : तुमचे वजन, उड्यांचा वेग आणि प्रत्यक्ष उडण्यात गेलेला वेळ. व्यायामशास्त्रात ‘मेट’ नावाचे एक माप वापरतात. शांत बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरते, तिच्या किती पट ऊर्जा एखाद्या हालचालीला लागते, हे त्यावरून कळते. शारीरिक हालचालींच्या २०११ सालच्या प्रमाणित तक्त्यात मिनिटाला शंभरापेक्षा कमी उड्यांना ८.८ मेट, शंभर ते एकशेवीस उड्यांना ११.८ मेट आणि त्याहून जलद उड्यांना १२.३ मेट असे आकडे दिलेले आहेत. एक मेट म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. रोजच्या बोलण्यात आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो, ती हीच. म्हणून मेटच्या आकड्याला वजनाने गुणून साठने भागले, की दर मिनिटाचा खर्च मिळतो.

६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा हिशेब फारच सोपा होतो, कारण मेटचा आकडा हाच मिनिटाचा खर्च ठरतो : संथ उड्यांना मिनिटाला सुमारे ९ कॅलरी, मध्यम वेगाला सुमारे १२. वजन ७५ किलो असेल तर हेच आकडे ११ आणि १५ च्या आसपास जातात, तर ५० किलो असेल तर संथ वेगाचा खर्च सातच्या थोडा वर राहतो. यातली मिनिटाला एक कॅलरी तुम्ही नुसते बसून राहिला असता तरी खर्च झालीच असती, हेही विसरू नये.

आता पहिल्या दिवसाचा हिशेब करून पाहू. वीस सेकंद उड्या आणि चाळीस सेकंद विश्रांती अशी दहा आवर्तने केली, तर दहा मिनिटांच्या त्या सत्रात प्रत्यक्ष उडण्याचा वेळ तीन मिनिटे वीस सेकंद एवढाच भरतो. ६० किलोच्या व्यक्तीचा उड्यांमुळे झालेला खर्च सुमारे ३० कॅलरी, विश्रांतीच्या मिनिटांतला किरकोळ खर्च वेगळा. दहा मिनिटांत शंभरच्या वर कॅलरी खर्च होतात, असे वाचून दोरी हाती घेतलेल्या माणसाला हा आकडा निराश करील; पण तो आधी माहीत असलेला बरा. पहिल्या महिन्यात घडवायच्या असतात त्या पोटऱ्या, घोटे आणि दम. कॅलरींचा खर्च त्यांच्या मागून येतो.

दहा मिनिटांच्या उड्या म्हणजे अर्ध्या तासाचे धावणे, हे खरे आहे का?

कॅलरींच्या दृष्टीने नाही. ताशी ८ किलोमीटर वेगाने धावण्याला त्याच तक्त्यात ८.३ मेट दिलेले आहेत. मध्यम वेगाच्या उड्यांचे ११.८ मेट त्याच्या सुमारे १.४ पट होतात. म्हणजे दहा मिनिटांच्या सलग उड्या चौदा मिनिटांच्या संथ धावण्याइतक्या. हा फरकही काही कमी नाही, त्यासाठी तिप्पट खर्चाचा दावा करण्याची गरज नाही. शिवाय धावताना नवशिक्यालाही वेग कमी करून पुढे जात राहता येते, दोरीच्या बाबतीत मात्र एका मर्यादेपेक्षा हळू उडताच येत नाही, कारण दोरी पायाखालून जायची तर तिला किमान वेग हवाच.

हजार उड्या मारल्या तर किती कॅलरी जातील?

६० किलो वजनासाठी साधारण शंभर. मिनिटाला नव्वद उड्यांनी अकरा मिनिटे लागतील आणि ९८ कॅलरी जातील. एकशेदहा उड्यांनी नऊ मिनिटे लागतील आणि १०७ जातील. वेग बदलला तरी दर उडीमागचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणून सुरुवातीला वेगाच्या मागे लागण्यात काहीच लाभ नाही. एकूण उड्या मोजाव्यात आणि त्या हळूहळू वाढवाव्यात.

मी रोज तासभर चालतो, तरी वीस-तीस उड्यांतच धाप का लागते?

कारण दोन्हींच्या तीव्रतेत दुपटीहून अधिक फरक आहे. झपझप चालणे साधारण ४.३ मेटचे असते आणि अगदी संथ उड्याही ८.८ मेटच्या, त्यांच्यामधली पायरीच नाही. त्यात नवशिक्याच्या बऱ्याच उड्या वाया जातात : तो गरजेपेक्षा उंच उडतो, खांदे आवळतो, अख्खा हात फिरवतो आणि श्वास रोखून धरतो. तंत्र सुधारले की त्याच दमात दुप्पट उड्या निघतात, असा अनुभव पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच येतो. तोवर धाप लागणे हे तब्येत खालावल्याचे लक्षण समजू नये. विश्रांतीच्या वेळात दोन-तीन वाक्ये बोलता येण्याइतका श्वास परत येत असेल, तर पुढचे आवर्तन करण्यास हरकत नाही. येत नसेल तर विश्रांती वाढवावी.

छातीत दुखणे किंवा दडपण येणे, भोवळ येणे, छातीतली धडधड न थांबणे या गोष्टी मात्र धाप लागण्यापेक्षा वेगळ्या आहेत. त्या जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

दोरी कोणती घ्यावी आणि तिची लांबी किती असावी?

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ताणून धराव्यात. त्या काखेपर्यंत पोहोचल्या, तर नवशिक्यासाठी लांबी योग्य आहे. हात सरावला की दोरी थोडी आखूड करता येते. फार लांब दोरी जमिनीवर लोळते आणि पायात येते, तर फार आखूड दोरी गुडघे पोटाशी घेऊन उडायला लावते.

प्रकारांपैकी मण्यांची किंवा जाडसर पीव्हीसीची दोरी सुरुवातीला सर्वांत सोयीची, असे माझे मत आहे. तिला थोडे वजन असते, त्यामुळे ती हवेत गोल आकार धरून ठेवते आणि ती आत्ता कुठे आहे हे हाताला कळते; मण्यांची दोरी जमिनीला लागताना आवाजही करते आणि त्या आवाजावर ताल धरता येतो. सुती दोरी फार हलकी असते. पोलादी तारेची दोरी वेगासाठी बनवलेली असते. ती चुकली की पायावर वळ उठतात, म्हणून ती नंतरच्या काळासाठी ठेवावी.

उडी मारण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उडी लहान ठेवणे. दोरीची जाडी काही मिलिमीटरच असते, त्यामुळे जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचलले गेले तरी पुरते. नवशिक्या दहा-पंधरा सेंटिमीटर उडतो आणि तेवढ्याच उंचीवरून प्रत्येक वेळी खाली आदळतो, हेच बहुतेक दुखण्यांचे मूळ असते.

उतरताना भार पायाच्या चवड्यांवर घ्यावा, टाचा जमिनीच्या अगदी जवळ असाव्यात पण त्यांच्यावर आदळू नये, आणि गुडघे किंचित सैल ठेवावेत. उतरल्याचा आवाज हलका असेल तर बहुधा सारे बरोबर चालले आहे. धप्प असा आवाज येत असेल तर उंची कमी करावी. कोपरे बरगड्यांजवळ, हात कमरेच्या उंचीवर आणि शरीराच्या थोडे पुढे असावेत. दोरी मनगटांनी फिरवावी, खांद्यांनी नव्हे. नजर समोर ठेवावी, कारण पायांकडे पाहायला मान झुकली की पाठही वाकते आणि दोरीचा आकार बिघडतो.

एका फेरीत एकच उडी घ्यावी. दोन फेऱ्यांच्या मध्ये आणखी एक लहानशी उसळी घेण्याची सवय अनेकांना लहानपणापासून असते. पहिल्या आठवड्यात ती चालेल, परंतु तिच्यामुळे पायांवरचे आघात दुप्पट होतात, म्हणून ती लवकर सोडलेली बरी.

दोरी सारखी पायात अडकते. काय करावे?

आधी हात आणि पाय वेगवेगळे शिकवावेत. दोरीच्या दोन्ही मुठी एकाच हातात धरून ती शरीराच्या एका बाजूला फिरवावी आणि ती जमिनीला लागेल त्या क्षणी जागच्या जागी उडी मारावी. एका बाजूला पन्नास, दुसऱ्या बाजूला पन्नास. ताल बसला की दोरी नेहमीसारखी धरून एकच उडी मारून थांबावे, मग दोन, मग पाच. सलग दहा उड्या जमल्या की पंचवीसपर्यंतचा प्रवास आपोआप होतो.

तरीही अडकत असेल तर बहुधा थकव्यामुळे हात शरीरापासून दूर जात असतात. हात बाजूला पसरले की दोरी तेवढीच आखूड होते. अशा वेळी जिद्दीने पुढे रेटण्याऐवजी विश्रांती घ्यावी. आणि अडकणे हे अपयश आहे असे मनात आणू नये. वर्षानुवर्षे उड्या मारणाऱ्यांचीही दोरी अडकते.

पहिल्या महिन्याचा क्रम कसा ठेवावा?

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटे झपझप चालणे, घोटे दोन्ही बाजूंनी फिरवणे आणि भिंतीला हात लावून पंधरा वेळा टाचा उचलणे, एवढी तयारी करावी. ती टाळून वाचलेली मिनिटे पुढे महागात पडतात.

पहिल्या आठवड्यात वर सांगितल्याप्रमाणे वीस सेकंद उड्या आणि चाळीस सेकंद विश्रांती, अशी दहा आवर्तने. एकूण उड्या साधारण तीनशे. दुसऱ्या आठवड्यात तीस सेकंद उड्या, तीस सेकंद विश्रांती, आवर्तने तेवढीच. उडण्याचा वेळ पाच मिनिटे होतो. तिसऱ्या आठवड्यात हाच नेम ठेवून आवर्तने चौदा करावीत, म्हणजे सात मिनिटे. चौथ्या आठवड्यात पंचेचाळीस सेकंद उड्या, तीस सेकंद विश्रांती, बारा आवर्तने. आता प्रत्यक्ष उडण्याचा वेळ नऊ मिनिटे झाला आणि ६० किलोच्या व्यक्तीचा उड्यांचा खर्च ८० कॅलरींच्या आसपास पोहोचला. पहिल्या दिवशी तो तीस होता.

हा क्रम वेळापत्रकाप्रमाणे पाळलाच पाहिजे असे नाही. पाय ठणकत असतील तर तोच आठवडा पुन्हा करावा. चार आठवड्यांऐवजी सहा-सात लागले तरी काही बिघडत नाही.

मला दम चांगला आहे. मग रोज उड्या मारल्या तर लवकर गुण येणार नाही का?

हा प्रश्न उत्साही माणसेच विचारतात आणि दुखापतही बहुधा त्यांनाच होते. दम दोन-तीन आठवड्यांत वाढू लागतो, स्नायूही लवकर बळकट होतात. पण टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा कंडरा) आणि नडगीचे हाड यांना नव्या भाराची सवय व्हायला महिने लागतात. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अशी वेळ येते की छाती म्हणते आणखी पाच मिनिटे उडू, आणि पाय मात्र अजून तयार नसतात. त्या वेळी पायांचे ऐकावे. दम अधिक वापरायचा असेल तर मधल्या दिवशी झपझप चालावे, सायकल चालवावी किंवा पोहावे. कॅलरी तिथेही खर्च होतात आणि पायांवर आघात होत नाहीत. दोन-तीन महिन्यांनंतर आठवड्यातून चार-पाच दिवस उड्या मारायला हरकत नाही.

उड्या कुठे माराव्यात? अनवाणी चालेल का?

लाकडी जमीन, रबराची पातळ चटई किंवा खेळाच्या मैदानाची घट्ट माती उत्तम. काँक्रीट आणि फरशी आघात जराही शोषत नाहीत, तर जाड गालिच्यात किंवा मऊ गादीवर घोटा मुरगळण्याची भीती असते. चवड्याखाली पुरेसा मऊपणा असलेले आणि पायाला घट्ट बसणारे बूट नवशिक्याने घालावेत. अनवाणी उड्या सुरुवातीला नकोत. डोक्यावर हातभर मोकळी जागा आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

उड्यांनंतर पाय दुखतात. कोणते दुखणे चालेल आणि कोणते नाही?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड आणि आखडल्यासारख्या वाटणे हे नव्या व्यायामाचे साधे दुखणे आहे. ते चालल्यावर सैल होते आणि तीन-चार दिवसांत जाते. उड्यांनंतर भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन पोटरीला अर्धा मिनिट ताण द्यावा. एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो.

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल, तर भार प्रमाणाबाहेर झाला आहे असे समजून उड्या थांबवाव्यात आणि दुखणे पूर्ण गेल्यावर कमी आवर्तनांनी पुन्हा सुरुवात करावी. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेखाली किंवा टाचेमागे कळ येत असेल, तरीही हेच लागू होते. हाडावर एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. टाचेमागे अचानक कोणी लाथ मारल्यासारखे वाटून पायातला जोर गेला, तर ती शीर तुटल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी उपचार घ्यावे लागतात.

दोरीवरच्या उड्यांनी गुडघे खराब होतात का?

निरोगी गुडघे लहान आणि हलक्या उड्यांनी झिजतात, असे मानण्याचे कारण नाही. धावताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. दोरीवर मात्र दोन्ही पायांवर उतरत असल्याने भार विभागला जातो, अर्थात उडी लहान असेल तरच. माफक आघात हाडांना उपकारकच ठरतात, कारण हाड भाराला प्रतिसाद देऊन बळकट होते. गुडघ्याला आधीच सूज, संधिवात किंवा जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी.

माझे वजन बरेच जास्त आहे. मी उड्या माराव्यात का?

लगेच नाही, असे मी सुचवेन. वजन जास्त असल्याने दर मिनिटाला कॅलरी अधिक खर्च होतात हे खरे, पण प्रत्येक उतरण्याचा भारही तेवढाच अधिक असतो, आणि जखडलेल्या पायांनी महिनाभर घरी बसावे लागले तर तो सारा लाभ वाया जातो. आधी काही आठवडे चालणे आणि पोटऱ्या-मांड्यांना बळ देणारे व्यायाम करावेत. एका पायावर उभे राहून, आधाराला हात लावून, वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येऊ लागली की पोटरी तयार झाल्याची ती चांगली खूण आहे. मधल्या काळात दोरी बाजूला फिरवत जागच्या जागी पावले टाकण्याचा सराव करता येतो. त्यात हातांचा ताल बसतो, घाम येतो आणि आघात टळतो.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरुवात करू नये?

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, ठिसूळ झालेली हाडे, मधुमेहामुळे पायांची कमी झालेली संवेदना, तोल जाण्याचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी विचारावे. अनेक वर्षे काहीच व्यायाम न केलेल्या प्रौढांनीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. गरोदरपणात नव्याने उड्या सुरू करू नयेत. बाळंतपणानंतरही ओटीपोटाच्या स्नायूंना पूर्ववत होण्यास वेळ द्यावा आणि डॉक्टरांच्या संमतीनेच सुरुवात करावी.

उड्या मारताना थोडी लघवी होते. हे कोणाला सांगावेसे वाटत नाही.

हे फार स्त्रियांना होते, विशेषतः बाळंतपणानंतर आणि पाळी थांबल्यानंतर, आणि यात लाजण्यासारखे काहीच नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे झाल्याची ती खूण असते आणि बऱ्याच जणींमध्ये ते स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात. म्हणून ते मुकाट्याने सोसत राहू नये किंवा व्यायामच सोडून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलावे आणि तोपर्यंत चालण्यावर भर द्यावा. योनीमार्गात काही खाली सरकल्यासारखे जड वाटत असेल, तर तपासणी होईपर्यंत उड्या बंद ठेवाव्यात. पाळीच्या दिवसांत मात्र बरे वाटत असेल तर उड्या मारण्यास हरकत नाही.

उड्यांनी पोटाची चरबी कमी होते का?

एकूण चरबी कमी झाली तर पोटाचीही होते. शरीर ती आधी कुठून काढणार हे व्यायामाच्या प्रकाराने ठरत नाही.

जेवणानंतर किती वेळाने उड्या माराव्यात?

भरपेट जेवणानंतर दोन ते तीन तासांनी. हलके काही खाल्ले असेल तर तासभर पुरेसा होतो.

घड्याळ दाखवते तो कॅलरींचा आकडा खरा मानावा का?

तो अंदाज असतो. मनगटावरचे घड्याळ हातांची हालचाल आणि नाडी यांवरून हिशेब करते, आणि दोरी फिरवताना मनगट सतत हलत असल्याने नाडीचे मोजमाप चुकू शकते. आज आणि पुढच्या महिन्यात किती फरक पडला हे पाहण्यापुरता तो आकडा उपयोगी आहे. तेवढ्या कॅलरी जास्त खाण्याची परवानगी म्हणून नव्हे.

महिना झाला, तरी वजन का घटले नाही?

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आठवड्यातून चार वेळा, प्रत्येक वेळी प्रत्यक्ष दहा मिनिटे संथ उड्या मारल्या, तर ६० किलोच्या व्यक्तीच्या आठवड्याला सुमारे ३५० कॅलरी खर्च होतात. आहार जराही बदलला नाही, तर या गतीने एक किलो घटायला बावीस आठवडे लागतील, आणि पहिल्या महिन्यात तर दहा मिनिटांपर्यंत आपण पोहोचलेलोही नसतो. म्हणून वजन उतरवणे हाच हेतू असेल, तर आहारातला बदल सोबत हवाच, नाहीतर व्यायामानंतर वाढलेल्या भुकेत सारा खर्च भरून निघतो.

काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टी मात्र याच महिन्यात घडलेल्या असतात. पहिल्या दिवशी तीनशे उड्यांना जेवढी धाप लागत होती, तेवढ्यात आता आठशे निघतात का, हे पाहावे. जिना चढून गेल्यावर नाडी पूर्वीपेक्षा लवकर खाली येते का, तेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम सुचवलेला आहे; उड्या जोमदार व्यायामात मोडतात, त्यामुळे त्यांचे एक मिनिट चालण्याच्या दोन मिनिटांबरोबरीचे धरता येते.

महिनाभरानंतर पुढे काय करावे?

आधी सलगपणा वाढवावा : एक मिनिट, मग दोन, मग तीन. त्यानंतर दोन पायांच्या उडीऐवजी जागच्या जागी धावल्यासारखे आळीपाळीने एकेका पायावर उतरणे शिकावे. त्यात प्रत्येक पायाला क्षणभर विसावा मिळतो आणि बराच वेळ टिकून राहता येते. हातांची फुली घालून मारायची उडी किंवा एका उडीत दोरी दोनदा फिरवणे यांची घाई करू नये, कारण त्यांना उंच उडावे लागते किंवा वेग वाढवावा लागतो, आणि दोन्हींचा भार पुन्हा त्याच पोटरीवर व त्याच टाचेमागच्या शिरेवर येतो. पाच मिनिटे सलग, हलक्या आवाजात आणि दुसऱ्या दिवशी काही न दुखता उडता येऊ लागले, की मग त्यांच्याकडे वळावे.